माझदाची रोटरी इंजिनवाली आरएक्स-७ घेताय? मग निदान या चुका तरी करू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे थंड गाडी चालू करायची, दहा फूट सरकवायची आणि लगेच बंद करायची. मीही केली आहे. हिरोशिमात होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली सकाळ, शेजाऱ्यांना गाडी काढायची होती म्हणून माझी एफडी (आरएक्स-७ची तिसरी पिढी) जरा मागे घेतली आणि चावी फिरवली. संध्याकाळी स्टार्टर नुसताच गरगरतोय! थंड इंजिनाला पेट्रोल जादा मिळतं. या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात, त्यांच्या टोकांवरच्या पट्ट्या म्हणजे एपेक्स सील. पेट्रोल चेंबरमध्ये साचून या सीलवरचं तेल धुऊन काढतं आणि कॉम्प्रेशन (आतला दाब) पडतं. स्टार्टर मारत राहाल तेवढं पेट्रोल आणखी आत. मी बॅटरी बसेपर्यंत मारला. शेवटी इंजेक्टरचा फ्यूज काढला, चारही प्लग काढले (काळे, ओलेचिंब), त्याच शेजाऱ्यांच्या गाडीवरून जम्प घेऊन पेट्रोल उडवलं आणि वरच्या भोकांतून चमचाभर तेल सोडलं. सुरू झाली तेव्हा गल्लीभर धूर. आता टेम्परेचरचा काटा वर आल्याशिवाय मी गाडी बंद करत नाही.

याच सीलनी १९६०च्या दशकात माझदाचे केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ इंजिनिअरांना रडवलं होतं. हाउसिंगवर (रोटर फिरतो त्या कवचावर) उठणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाची नखं म्हणायचे. त्यातून वाट काढून १९६७ला कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी आली. आणि आपल्याला दोन मिनिटं थांबायचा कंटाळा!

गाडी घेताना साध्या कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नका. रोटरला तीन बाजू असतात, साधं गेज त्यातली सगळ्यात चांगली तेवढी दाखवतं. रोटरी इंजिनाच्या खास टेस्टरवर प्रत्येक रोटरचे तीन आकडे मिळत नसतील, तर मी चहा पिऊन परत येतो.

‘तेल खाते, इंजिन गेलं’ ही बोंब नको. सीलना तेल मिळावं म्हणून पंप ते मुद्दाम आत सोडतो. दर दोन टाक्यांना डिपस्टिक बघा.

प्लग बदलताना ७ नंबर खाली, ९ वर. उलटे लावू नका.

एफडीच्या टेम्परेचर काट्यावर विश्वास नको. तो मध्यावर बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेगळा गेज लावा. कूलंटची प्लास्टिकची छोटी टाकी तडकते, तीही बदला.

आणि गाडी घरी आल्याच्या आठवड्यात मोकळा एक्झॉस्ट बसवणारे! टर्बोचा बूस्ट हाताबाहेर जातो, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, सील तुटतं. मग मला फोटो पाठवतात.