धंद्याचं लायसन्स असताना हौशी मासेमारीचं लायसन्स: काढायचं कसं, सांभाळायचं कसं

आठवडाभर जाळं ओढणारा माणूस सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन परत पाण्यावर कशाला जाईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी स्वतः काही वर्षं बोटीवर काढली आहेत, त्यामुळे सांगतो, जातो माणूस. पोराला गळ टाकायला शिकवायचं असतं, किंवा नुसतं शांत बसायचं असतं, डिझेल आणि भाव डोक्यात न आणता. पण हौशी लायसन्स मागायला गेलं की समोरचा विचारतो, तुमच्याकडे धंद्याचं आहे ना, मग हे कशाला? आणि हौशी मंडळी कुरकुरतात की या धंदेवाल्यांना कोटाही (म्हणजे पकडायला ठरवून दिलेला वाटा) पाहिजे आणि आमच्या वाट्याचे मासेपण पाहिजेत.

माझं मत आधीच सांगून टाकतो, लायसन्स मिळायला पाहिजे. पण कायद्याने माणसाकडे न बघता फेरीकडे बघावं. आज ही बोट, ही पेटी, ही माणसं कशासाठी निघाली आहेत, विकायला की खायला, एवढंच. हे एकदा नीट पकडलं की खालचं सगळं सोपं जातं.

तर पहिलं काम, तुम्ही जिथे मासे पकडणार तिथे असलं लायसन्स आहे का ते बघा. ऐकायला येडपट वाटेल पण इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला १३ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं आणि समुद्रात गळाने मासेमारी करायला लागतच नाही. न्यूझीलंडमध्येही समुद्रातल्या हौशी मासेमारीला लायसन्स नाही, ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाला आहे. युरोपियन युनियनमध्ये १० जानेवारी २०२६ पासून ठरावीक जातींसाठी हौशी लोकांनी नाव नोंदवायचं आणि काय पकडलं ते कळवायचं असा नियम आलाय. म्हणजे भांडण नेहमी लायसन्सचं नसतं, बऱ्याचदा ते असतं की तुमच्या हातातला मासा कुठल्या खात्यात धरायचा.

दुसरं, व्याख्या वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा. अमेरिकेच्या १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यात धंद्याची मासेमारी म्हणजे जिथे मासा विक्री, अदलाबदल किंवा व्यापारात जातो ती, आणि हौशी म्हणजे खेळ किंवा आनंदासाठी केलेली. त्यात अदलाबदल हा शब्द बघितलात का? बरेच जण तिथेच अडकतात. रविवारी गळाला लागलेले दोन मासे तुम्ही इंजिन दुरुस्त करणाऱ्याला दिलेत आणि त्याने मजुरी सोडली, तर पैसे हातात न घेताही तो व्यवहार झाला. मित्राला जेवायला घातलेत तर नाही.

आता अर्ज. फॉर्ममध्ये धंद्याच्या लायसन्सबद्दल विचारलं असेल तर लपवू नका, नंतर कळलं तर दोन्ही हातचं जातं. विचारलं नसेल तरी मी असतो तर अर्जासोबत चार ओळी जोडल्या असत्या: माझ्याकडे अमुक नंबरचं व्यावसायिक लायसन्स आहे, हौशी मासेमारी मी वेगळ्या दिवशी, शक्यतो वेगळ्या बोटीवरून किंवा किनाऱ्यावरून करणार आहे, त्यातला मासा विकणार नाही. त्या कागदावर पोच घ्या. उद्या धक्क्यावर कोणी अडवलं तर तो कागद तोंडी खुलाशापेक्षा जास्त कामाला येतो.

लायसन्स हातात आलं की खरी कटकट सुरू होते, आणि ती बोटीची.

न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. तिथल्या १९९६ च्या फिशरीज अ‍ॅक्टच्या कलम १११ नुसार व्यावसायिक बोटीवरून आलेला मासा विक्रीसाठीच पकडला असं धरलं जातं, मग तुम्ही तो गळाने घरच्यासाठी पकडलेला का असेना. पण त्याच कलमाखाली आधी परवानगी घेता येते, तेव्हा खलाशी त्या बोटीवर आपला हौशी वाटा पकडू शकतो, फक्त हौशी मर्यादा पाळायची आणि रिपोर्टमध्ये तो दाखवायचा. मला ही पद्धत आवडते कारण ती माणसाला चोर धरत नाही आणि डोळेही मिटत नाही. तुमच्याकडे अशी परवानगी नसेल तर कामाच्या बोटीवरून हौस करूच नका, छोटी होडी घ्या नाहीतर खडकावर बसा. आणि घरी खायला काढायचाच असेल तर सरळ धंद्याच्या पकडीतून काढा आणि नोंदवा, अलास्कात हे चालतं, स्वतःसाठी ठेवलेला मासा विक्रीच्या नोंदीच्या तिकिटावरच लिहितात.

मापाचा घोळ तर विचारूच नका. मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकेच्या केंद्रीय हद्दीत, रेड स्नॅपरसाठी धंदेवाल्याला किमान माप १३ इंच आणि हौशी माणसाला १६ इंच. आता तुमच्या पेटीत १४ इंचाचा एक मासा आहे. सोमवारी कोट्यातून पकडला तर कायदेशीर, रविवारी गळाने पकडला तर गुन्हा, मासा तोच, माप तेच, पकडणारा हातही तोच. हा फरक उगाच ठेवलेला नाही बरं का. खोलातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, परत सोडला तरी बरेच मरतात, म्हणून धंद्यात माप खाली आणलं की मेलेले मासे फेकावे लागत नाहीत, आणि तिथे कोट्याचं वजन मोजलं जातंच. हौशी माणसाला स्वतःचा कोटा नसतो, दिवसाला इतकेच मासे अशी मर्यादा असते. त्यामुळे हाताची सवय बदला, म्हणजे मोजपट्टी दोन ठेवा, धंद्याची धंद्याच्या बोटीत आणि हौशीची गळाच्या पिशवीत, जिच्यावर हौशी मापाला लाल टेप चिकटवलेली असेल. आपली नजर वर्षानुवर्षं एकाच मापाला बसलेली असते, अंदाजावर गेलात की फसलात.

पेटीचंही तसंच, आणि इथे माझं स्वतःचं ऐका. एकदा सुट्टीच्या दिवशी पकडलेले चार मासे मी आळसाने कामाच्या क्रेटमध्ये टाकले, वर आदल्या दिवशीचा बर्फ तसाच होता, आणि धक्क्यावर तपासणीवाल्याने झाकण उघडलं. मासे मर्यादेत होते, मापात होते, पण क्रेटवर बोटीचा नंबर होता आणि लॉगबुकमध्ये त्या दिवशी फेरीच नव्हती. तीन तास उभं राहून समजावलं. दंड झाला नाही पण चारचौघांत इज्जत गेली ती गेलीच. तेव्हापासून हौशीसाठी वेगळ्या रंगाचा आइसबॉक्स, त्यात कामाचा बर्फसुद्धा टाकत नाही.

खूण करायची पद्धत पण शिकून घ्या. फ्रान्समध्ये २०११ पासून हौशी माणसाने पकडलेल्या सी बाससारख्या ठरावीक माशांच्या शेपटीचा खालचा भाग कापावा लागतो, ऑस्ट्रेलियात काही राज्यांत हौशी माणसाने पकडलेल्या शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) शेपटीचा पंखा कातरतात. हेतू एकच, तो मासा बाजारात आला की लगेच ओळखू यावा. तुमच्याकडे सक्ती नसली तरी मी म्हणेन करा. कात्री दोरीने आइसबॉक्सला बांधून ठेवा, मासा गळावरून निघाला की मोजा, कापा, मग बर्फात. दोन लायसन्स असलेल्या माणसावर सगळ्यात मोठा संशय हाच असतो की हा हौशीचा माल सोमवारच्या मालात मिसळेल, आणि कापलेली शेपटी त्याचं तोंड बंद करते.

उलटी चोरीही होते हे कबूल करायला पाहिजे, म्हणजे कोटा संपला की जास्तीचा माल हौशीचा म्हणून उतरवायचा. हौशी लोकांची तक्रार पूर्ण खोटी नाही. पण धंदेवाल्यांना जास्त अक्कल आहे, जागा माहीत आहेत म्हणून त्यांना हौशी लायसन्स देऊ नका, हे मला पटत नाही. दिवसाची मर्यादा सगळ्यांना सारखी, जागा माहीत असल्या तर मर्यादा लवकर भरेल, एवढंच.

दोन ठिकाणी मात्र मीच नाही म्हणेन. एक, ज्याचं धंद्याचं लायसन्स गुन्ह्यासाठी निलंबित झालंय त्याला त्या काळात हौशीचं देऊ नये, ती पळवाटच ठरते. दुसरं, पिंजरे. एकाच माणसाचे धंद्याचे आणि हौशीचे शेवंडीचे पिंजरे एकाच वेळी एकाच पाण्यात असले तर वरून बोया बघून काहीही कळत नाही, कुठल्या पिंजऱ्यातली शेवंड कुठल्या पेटीत गेली ते तोच जाणे. गळाचं तसं नाही, गळ हातात असतो.

बरं, अर्ज नाकारला तर? आधी लेखी कारण मागा, तोंडी नकारावर घरी येऊ नका. बऱ्याचदा कायद्यात बंदी नसतेच, काउंटरवरच्या माणसाला तसं वाटत असतं. कारणात कलम लिहून आलं तर ते कलम काढून वाचा, ते माणसाबद्दल आहे की बोटीबद्दल ते बघा. बोटीबद्दल असेल तर नवीन अर्जात बोटीचा रकाना रिकामा सोडा आणि 'किनाऱ्यावरून, गळाने' असं लिहून परत द्या.