रेड टेल शार्क पाळताय? आधी तळाची वाटणी करा

नावात शार्क असला तरी हा आपल्या रोहूच्या खानदानातला गोड्या पाण्याचा मासा, मूळचा थायलंडचा. दोन इंचाचं काळं पिल्लू लाल शेपटी हलवत फिरताना दिसलं की कोणीही भुलतं, मी पण भुललो, म्हापशाहून एक रेड टेल आणि त्याला सोबत म्हणून एक रेनबो शार्क घेऊन आलो, आणि महिन्याभरात रेनबो फिन्स फाटून फिल्टरच्या मागे लपून बसायला लागला. सोबत-बिबत यांना लागत नाही हो. एका टँकमध्ये एकच ठेवायचा.

मोठा झाला की पाच-सहा इंच होतो, त्यामुळे टँक चार फुटांचा हवा. चार बाय दीड बाय दीड म्हणजे साधारण 255 लिटर. तळ हा त्याचा इलाखा, तिथे कॉरिडोरस, लोच असले तळाशी राहणारे मासे सोडू नका. वर-मधे फिरणारे चपळ मासे, टायगर बार्बचा सात-आठचा घोळका वगैरे चालतो. आणि शार्क सगळ्यात शेवटी सोडायचा, आधी सोडला तर अख्खा टँक स्वतःच्या नावावर करून बसतो. तसं झालंच तर दगड, लाकूड, झाडं सगळं उचलून नव्याने मांडा, हद्दी पुसल्या जातात आणि थोडे दिवस तरी शांतता मिळते.

लपायला नारळाच्या करवंट्या बेस्ट, आपल्याकडे कमी आहेत का! सोडणं म्हणजे वरचा काथ्या काढून, उकळून, आत जायला पाडलेल्या दाराची कड पॉलिश पेपरने घासून ठेवा, पाणी थोडं चहासारखं होतं ते चालतं. मांडणी अशी करा की या टोकाकडून ते टोक दिसू नये, समोर कोणी दिसलं नाही तर भांडण कोणाशी करणार? किनाऱ्यावरची वाळू-शिंपले मात्र नको, चुना सुटून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं होतं.

पाणी 22 ते 26 डिग्री. मे महिन्यात आपल्याकडे ते कठीणच, झाकणाऐवजी जाळी लावून वर छोटा फॅन सोडा, पण उघडा ठेवू नका, हा उडी मारतो. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन मारायचं औषध घालून.

खायला बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेली काकडी. आणि पावसात लाईट गेली की बॅटरीवाला एअर पंप लगेच चालू करा.