एएसआरए आला की न्यूकॉपी मारू नका, डंप उघडा

आर्वी तालुक्यातल्या माझ्या गावातून मी परदेशातल्या एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचा (मोठ्या मध्यवर्ती संगणकाचा) सपोर्ट सांभाळते. आपल्याकडे दिवेलागण होते तेव्हा तिकडच्या कचेऱ्या उघडतात आणि फोन सुरू होतात. टीममध्ये दर्यापूर, दारव्हा, हिंगणघाटची नवी पोरं आहेत. कॉलेजात जावा शिकून आलेली, हातात पडलं कोबोल, मेनफ्रेमवरची जुनी भाषा. परवा दर्यापूरच्या एकीचा फोन आला, "ताई, डंप तर उघडला, पण काहून फुटला तेच समजून नाही राह्यलं." तिला फोनवर जे सांगितलं, तेच इथे नीट लिहिते. डंप म्हणजे प्रोग्राम पडला त्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद, आणि एएसआरए हा प्रोग्राम यंत्राने मध्येच थांबवल्याचा कोड.

सीआयसीएस म्हणजे मेनफ्रेमवर ऑनलाइन प्रोग्राम चालवणारी प्रणाली. तिच्यातलं ट्रान्झॅक्शन पडलं की हात शिवशिवतो: प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा आणि सीईएमटी कमांडने न्यूकॉपी मारावी, म्हणजे नवी प्रत चढवावी. असं अजिबात करू नका. पडलेल्या लोड मॉड्यूलशी (प्रत्यक्ष चालणाऱ्या, कंपाइल झालेल्या प्रोग्रामशी) जुळणारी लिस्टिंग, म्हणजे कंपाइलरने काढलेली ओळवार यादी, हाच आपला एकमेव नकाशा आहे. पुन्हा कंपाइल केलं की ऑफसेट (सुरुवातीपासूनची अंतरं) सरकतात आणि डंपमधले आकडे भलत्याच ओळीकडे बोट दाखवतात. कोबोल मॉड्यूलच्या सुरुवातीला, प्रोग्रामच्या नावाजवळ कंपाइलची तारीख-वेळ असते. ती लिस्टिंगच्या तारीख-वेळेशी ताडून बघा आणि मगच पुढे जा.

सीआयसीएसच्या लॉगमधून डीएफएचएसआर०००१ आणि डीएफएचएसी२२३६ हे दोन्ही संदेश उचलून ठेवा. ट्रान्झॅक्शन, प्रोग्राम, टर्मिनल, ॲबेंड कोड (पडण्याचं कारण सांगणारा) आणि ऑफसेट, सगळं त्यांत मिळतं. ज्याच्या स्क्रीनवर पडलं त्याला विचारा, नेमकं काय टाइप केलं होतं. शक्य असेल तर पॉलिसी नंबर घ्या. तो पुढे फार कामी येतो.

आता कोड बघा, कारण सगळेच कोड डंपात डोकं घालायला लावत नाहीत. एईआयने सुरू होणारा कोड म्हणजे सीआयसीएसच्या कमांडने त्रुटी परत केली आणि प्रोग्रामने ती हाताळलीच नाही. एईआयएम असेल तर रेकॉर्ड सापडलं नाही, एईआयएस असेल तर फाइल उघडी नाही, एईआय० असेल तर ज्या प्रोग्रामला हाक मारली तो मिळाला नाही. हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत निकालात निघतात: ईआयबीआरईएसपी आणि ईआयबीआरईएसपी२ (कमांडने परत दिलेले कोड) वाचा, आणि त्रुटी प्रोग्रामच्या हातात यावी म्हणून कमांडवर आरईएसपी लावा. एटीएनआय दिसला तर टर्मिनलचा संपर्क तुटलाय. आमच्याकडे वीज गेली की राउटर बंद पडतो, व्हीपीएन तुटतो, आणि त्या क्षणी माझं टास्क चालू असेल तर हाच कोड येतो. प्रोग्रामात त्याचं कारण शोधत बसू नका.

एएसआरए मात्र खरं काम मागतो. प्रोग्राम चालता चालता यंत्राने थांबवला, एवढंच तो सांगतो. का थांबवला ते डीएफएचएसआर०००१ मध्ये असतं: ०सी७ म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नाही, ०सी४ म्हणजे आपली नसलेली मेमरी चाळवली, ०सीबी म्हणजे शून्याने भागाकार.

सगळ्यात जास्त भेटतो तो ०सी७. समजा ऑफसेट १ए४ई आहे. हा मॉड्यूलच्या सुरुवातीपासून मोजलेला असतो आणि सुरुवातीला सीआयसीएसचा छोटा स्टब (जोडणीचा तुकडा) बसलेला असतो. लिंक-एडिटच्या (तुकडे जोडून मॉड्यूल बनवण्याच्या) मॅपमध्ये आपला प्रोग्राम २८ वर सुरू होत असेल तर १ए४ई मधून २८ वजा करा. उत्तर १ए२६. ही वजाबाकी हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) आहे, विसरू नका. लिस्टिंगच्या ऑफसेट तक्त्यात १ए२६ किंवा त्याच्या लगेच आधीचा पत्ता शोधला की ओळ नंबर मिळतो. ०सी७ मध्ये पीएसडब्ल्यूतला (यंत्र कुठवर पोचलं ते सांगणाऱ्या नोंदीतला) पत्ता पुढच्या सूचनेचा असतो. म्हणून पत्ता बरोबर एखाद्या ओळीच्या आरंभाशी जुळला, तर त्याच्या आधीची ओळ तपासा.

ओळ निघाली, समजा, प्रीमियम एकूण रकमेत मिळवण्याची. दोन्ही फील्ड बघा, फक्त संशय आहे तेच नाही. लिस्टिंगच्या डेटा मॅपवरून दोघांची जागा काढा आणि डंपमधले बाइट वाचा. पिक एस९(५)व्ही९९ कॉम्प-३, म्हणजे पाच पूर्णांक नि दोन दशांश अंकांचा, चिन्हासह पॅक केलेला आकडा, चार बाइट घेतं. त्यात १२५०.०० असेल तर ०१ २५ ०० ०सी दिसेल. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा: सी म्हणजे अधिक, डी म्हणजे उणे, एफ म्हणजे बिनचिन्हाचा. तिथे शून्य ते नऊपैकी काही आलं की यंत्र थांबतं.

आणि हे बाइट बोलतात हो! ४० ४० ४० ४० दिसलं तर त्या रिकाम्या जागा आहेत, कारण एबसिडिकमध्ये (मेनफ्रेमच्या अक्षरसंकेतांत) स्पेस ४० असते. ०० ०० ०० ०० असेल तर फील्डमध्ये कोणी काही भरलंच नाही. एफ० एफ१ एफ२ अशी रांग असेल तर पॅक केलेल्या आकड्याच्या जागी साधे अंक येऊन बसलेत. मग रेकॉर्डमधली मागची-पुढची फील्डही बघा. सगळंच एखाददोन बाइट सरकलेलं असेल तर कॉपीबुक (रेकॉर्डची सामायिक मांडणी) बदललं आणि एक प्रोग्राम जुन्याच कॉपीबुकवर राहिला.

इथवर आल्यावर पुष्कळ जण त्या ओळीच्या वर 'इफ न्यूमेरिक' (आकडा आहे का ही तपासणी) लावून मोकळे होतात. शेताच्या खालच्या धुऱ्याशी पाणी साचलं म्हणून तिथेच माती टाकत बसत नाही आपण, वर पाट कुठे फुटला ते बघतो. पडलेली ओळ फक्त वाचत होती. चुकीचे बाइट आधीच कोणीतरी लिहून गेलं होतं. दर्यापूरच्या पोरीच्या डंपमध्ये ४० होते. मग ते व्हीसॅम (मेनफ्रेमवरच्या फाइलचा एक प्रकार) रेकॉर्ड कोणता प्रोग्राम लिहितो ते शोधलं. रात्रीची बॅच (एकगठ्ठा चालणारं काम) निघाली. बाहेरून येणाऱ्या फाइलमध्ये प्रीमियमचा रकाना कोरा होता आणि बॅचने फील्डचा अख्खा गट एका मूव्हने (नक्कल करणाऱ्या कमांडने) उचलला होता. गटाच्या मूव्हमध्ये कोबोल काहीच तपासत नाही, बाइट जसेच्या तसे ओततं. तपासणी तिथे, बॅचच्या दारात हवी. ऑनलाइन प्रोग्रामात ती जरूर घाला, पण फक्त तिथेच घातलीत तर त्या ग्राहकाचा प्रीमियम शून्य दिसेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. ते पडण्यापेक्षा वाईट आहे, कारण विम्याच्या कागदावर एका घराचा भरवसा असतो.

०सी४ आला तर पहिली नजर ईआयबीकॅलेनवर, म्हणजे कॉमएरियाच्या लांबीवर, टाका. कॉमएरिया म्हणजे आधीच्या प्रोग्रामकडून येणारी माहिती. ट्रान्झॅक्शन स्क्रीनवरून थेट सुरू झालं की कॉमएरिया नसते, लांबी शून्य असते. प्रोग्रामने ती न तपासता डीएफएचकॉमएरियाला हात लावला की गेला. त्यानंतर टेबलचा सबस्क्रिप्ट (घराचा क्रमांक) ठरलेल्या हद्दीबाहेर गेला का, ते बघा.

एआयसीए वेगळा आहे. टास्क आयसीव्हीआर या सेटिंगमध्ये ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त फिरत राहिलं म्हणून सीआयसीएसने मारलं. हा ऑफसेट लूपमधल्या कुठल्याही ओळीचा असू शकतो. तेव्हा ती ओळ सोडा, लूप थांबण्याची अट वाचा. फाइल संपल्याचा झेंडा कुठे बदलायचा राहिलाय, तिथे उत्तर असतं.

दुरुस्ती टेस्ट रीजनमध्ये न्या, सीईडीएफ लावा आणि तोच पॉलिसी नंबर टाकून एकेक कमांड बघत पुढे चला. बिघडलेलं रेकॉर्ड बॅचवाल्यांकडून नीट करून घ्या आणि तिकिटात ऑफसेट, ओळ, फील्ड, सापडलेले बाइट आणि ते लिहिणाऱ्या प्रोग्रामचं नाव अशा पाचही गोष्टी टाका.