१६ कोअर लावूनही सिम्युलेशन रडतंय? या चुका टाळा

एनएस-३ (नेटवर्कचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) मधलं मॉडेल मी पहिल्यांदा एमपीआय लावून, म्हणजे त्याचे तुकडे करून, ते आपसात मेसेज पाठवत चालतील असे १६ कोअरवर सोडलं तेव्हा ते एका कोअरपेक्षाही हळू चाललं, आणि मी दोन दिवस मशीनला शिव्या घालत बसलो. मशीन बिचारं बरोबर होतं, घोळ मी मॉडेल जिथे कापलं तिथे होता.

म्हणजे बघा, प्रत्येक तुकड्याला पुढे जायचं तर ‘अजून इतका वेळ शेजाऱ्याकडून काही येत नाही’ अशी खात्री लागते, तोच लुकअहेड, आणि एनएस-३ तो तुकडे जोडणाऱ्या लिंकच्या डिलेवरून काढतं. माझा डिले होता १० मायक्रोसेकंद. १० सेकंदांच्या सिम्युलेशनला जवळपास १० लाख वेळा सगळ्यांनी थांबून एकमेकांची वाट बघायची. एका थांब्याला २० मायक्रोसेकंद धरले तरी २० सेकंद नुसते थांबण्यात गेले, आणि मधल्या वेळात काम काय तर दोन-तीन इव्हेंट (पॅकेट निघालं, पोचलं अशा घटना)! लॅनच्या मधून कापू नका, लांबच्या लिंकवर कापा, १ मिलिसेकंदाची लिंक मिळाली की तेच थांबे १० हजारांवर येतात. (स्पीडसाठी डिलेच वाढवून टाकू नका हां, मग रिझल्टच बदलतो.)

नल मेसेजचंही (सगळ्यांनी एकदम थांबण्याऐवजी ‘अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही नाही’ असं शेजाऱ्याला कळवणारे रिकामे मेसेज) तेच दुखणं. दोघांचं घड्याळ १०० वर, पुढचा इव्हेंट २०० ला, लुकअहेड १, की झालं, ‘तू हो पुढे, मग मी येतो’ करत शंभरेक रिकामे मेसेज.

मग कोणीतरी म्हणतं टाइम वॉर्प घे. जेफरसनची १९८५ ची आयडिया, वाट न बघता पळायचं आणि उशिरा मेसेज आला की मागे फिरायचं. भारी आहे, पण इव्हेंटच्या कोडमधून थेट फाइलमध्ये लिहिलंत तर रोलबॅकला (मागे फिरताना) मॉडेलची स्टेट मागे येते, फाइलमधली ओळ नाही येत! जीव्हीटी (ग्लोबल व्हर्च्युअल टाइम, ज्याच्या मागे आता कोणीच फिरणार नाही ती वेळ) त्या इव्हेंटच्या पुढे सरकेपर्यंत आउटपुट धरून ठेवा. आणि जीव्हीटी फार उशिरा काढलात तर जुन्या स्टेट्स साचून मेमरी फुगते.

२०१३ मध्ये सेक्वोया सुपरकॉम्प्युटरवर १९,६६,०८० कोअर वापरून सेकंदाला ५०४ अब्ज इव्हेंट काढले होते, ते दाखवून लोक गाइडला स्वप्नं विकतात. ते फोल्ड (PHOLD) नावाचं स्पीड मोजायचं चाचणी-मॉडेल होतं, काम सगळीकडे सारखं वाटलेलं. तुमच्या मॉडेलमध्ये एकच सर्व्हर सगळं ट्रॅफिक खात असेल तर बाकीचे १५ कोअर त्याचीच वाट बघणार.

आणि डीबग बिल्डवर (चुका शोधायला केलेला, मुळातच हळू चालणारा) स्पीडअप मोजू नका प्लीज.

मी आता आधी एका कोअरवर चालवून दोन थांब्यांमध्ये प्रत्येक तुकड्याला किती इव्हेंट मिळतात ते बघतो. दोन-चारच निघाले तर एमपीआयच्या नादी लागत नाही, सीड (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) तोच ठेवून रन नंबर बदलतो, म्हणजे प्रत्येक रनला वेगळे रँडम आकडे मिळतात, आणि १६ कोअरवर १६ वेगळे रन सोडून जेवायला जातो.