एसी पाईपचा फुटका तुकडा फेकू नका: आतली झीज अशी मोजा

ॲस्बेस्टॉस सिमेंटचा (एसी) पाण्याचा पाईप लोखंडासारखा गंजून पातळ होत नाही. त्यातला चुना विरघळून निघून जातो, पण तंतूंच्या जाळीमुळे आकार तसाच राहतो. म्हणून कॅलिपरची जाडी फसवी असते. आतून मृदू, कमी क्षारतेचं पाणी चुना ओढून घेतं, तर बाहेरून आम्लधर्मी किंवा सल्फेट असलेली माती सिमेंट पोखरते.

पाईप फुटला की दुरुस्तीच्या त्याच खड्ड्यातून नमुना घ्या. आधी पाईपच्या माथ्यावर रंगाने खूण करा. चीर कशी गेली तेही लिहून ठेवा. १००-१५० मिमीचे पाईप बहुधा आडवे, गोल चिरतात. जमीन फुगून-आक्रसून पाईप वाकतो तेव्हा असं होतं. मोठे पाईप दाबाने लांबीत फाटतात. जोडातली रबर रिंग गळत असेल तर तो भिंतीचा दोष धरू नका.

१५० मिमी लांबीचं कडं साखळीच्या कटरने तोडा किंवा पाणी सोडत हातकरवतीने कापा. ग्राइंडर वापरायचाच नाही. श्वासावाटे गेलेले तंतू फुप्फुसात राहतात आणि आजार कैक वर्षांनी दिसतो. बारीक धूळ अडवणारा एफएफपी३ मास्क लावा. उरलेले तुकडे ओले करून जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा आणि वर ‘ॲस्बेस्टॉस’ लिहा.

आता चाचणी. १०० मिली एथिल अल्कोहोलमध्ये १ ग्रॅम फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारं रसायन) विरघळवा. कड्याची कड करवतीने ओलीच, सरळ कापा आणि भरपूर पाण्याने धुवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: कापताना निघालेला अल्कधर्मी राडा मऊ भागावर राहिला तर तोही गुलाबी होतो आणि पाईप आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. मग फवारा मारून काही मिनिटं थांबा. गुलाबी भागात चुना शाबूत आहे, रंगहीन भागातला निघून गेला आहे. माथ्यापासून सुरुवात करून आठ ठिकाणी आतला आणि बाहेरचा रंगहीन थर मोजा. हिशोबाला सगळ्यात वाईट जागा घ्या, सरासरी नको.

उदाहरणार्थ, आतला व्यास १५० मिमी, भिंत १६ मिमी, वय ४० वर्षं. आतून ३ आणि बाहेरून ४ मिमी थर रंगहीन. शाबूत ९ मिमी, झीज वर्षाला ०.१७५ मिमी. लागणारी जाडी = दाब × सरासरी व्यास × सुरक्षा गुणांक ÷ (२ × ताणबळ). ताणबळ म्हणजे भिंत न फाटता किती ताण सोसते ते. पाणघातासकट (प्रवाह एकदम थांबल्यावर बसणाऱ्या झटक्यासकट) दाब १ मेगापास्कल, सरासरी व्यास १६६, गुणांक २ आणि ताणबळ २० मेगापास्कल धरलं तर ८.३ मिमी. शिल्लक ०.७ मिमी, म्हणजे जेमतेम चार वर्षं. या सूत्रात वाकण्याचा ताण नाही. फुगणाऱ्या काळ्या मातीत तेवढीही धरू नका.

एका कड्यावरून सगळी वाहिनी ठरवू नका; माती बदलेल तिथून वेगळा नमुना घ्या. तोवर व्हॉल्व्ह हळू फिरवा आणि पंप एकदम बंद पडू देऊ नका.