विज्ञान कादंबरीची पटकथा करताना काय राखायचं, काय सोडायचं

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. दोन तासांसाठी हातात १२० पानं आणि समोर चार-पाचशे पानांची कादंबरी, तेव्हा कात्री लागणारच. ‘मूळ कादंबरीशी इमान’ किती प्रसंग टिकले यावर ठरवू नका. विज्ञान कादंबरी एका कल्पित नियमावर उभी असते आणि त्या नियमातून परिणामांची साखळी निघते. ती साखळी राखायची. बाकी बरंच काही बदललं तरी चालतं.

पहिल्यांदा कादंबरी नुसती वाचा. दुसऱ्या वाचनात नियम एका वाक्यात लिहा आणि पुढची वाक्यं ‘म्हणून’ने जोडत जा. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’चं (१९६५) असं होतं: वाळूतल्या महाकाय किड्यांना पाणी म्हणजे विष, स्पाइस हा अमली पदार्थ तयार होतो तो याच किड्यांच्या जीवनचक्रातून, म्हणून तो या एकाच वाळवंटी ग्रहावर मिळतो, त्याच्याशिवाय गिल्डच्या, म्हणजे अंतराळ वाहतूक चालवणाऱ्या संघाच्या, नाविकांना अंतराळात वाट दिसत नाही, म्हणून स्पाइस नष्ट करायची धमकी देऊ शकणाऱ्यापुढे सम्राटही वाकतो.

आता डेव्हिड लिंच यांचा १९८४चा चित्रपट या साखळीवर धरून पाहा. शेवटी ग्रहावर धो-धो पाऊस पडतो. म्हणजे किडे मेले, स्पाइस संपला, आणि नायक पॉलने नुकतंच जिंकलेलं सगळं वाहून गेलं! पडद्यावर मात्र तो जल्लोषाचा क्षण आहे. उलट डेनी व्हिलनव्ह यांनी आपल्या ‘ड्यून’ चित्रपटाच्या २०२४च्या दुसऱ्या भागात कादंबरीतली दोनेक वर्षं काही महिन्यांत बसवली. त्यामुळे पॉलची बहीण आलिया जन्मलीच नाही, आणि पुस्तकात तिच्या हातून मरणारा खलनायक बॅरन पॉलच्या हातून मरतो. बदल मोठा आहे, पण साखळीची एकही कडी तुटत नाही.

मग प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा. मागच्या बाजूला लिहा: हा काढला तर कुठली कडी तुटेल? उत्तर सुचलं नाही तर कार्ड बाजूला, प्रसंग कितीही लाडका असो. प्रसंगाला सरासरी दोन पानं धरली तर साठेक कार्डांवर थांबावं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मनातल्या बोलण्याचा. ‘ड्यून’मध्ये एकाच प्रसंगात चौघांच्या डोक्यातलं कळतं. लिंच यांनी ते कुजबुजत्या आवाजात ऐकवलं, आणि पात्रं आधी विचार करून मग बोलतात असं वाटत राहिलं. त्यापेक्षा तो विचार कृतीत आणा, नाहीतर दुसऱ्या पात्राच्या तोंडी द्या. मसीहा होण्याची भीती पुस्तकात मुख्यतः पॉलच्या मनात आहे. व्हिलनव्ह यांच्या चित्रपटात त्याची प्रेयसी चानी ती उघड बोलते आणि शेवटी निघून जाते. पुस्तकातली चानी जात नाही, पण हर्बर्टचा इशारा प्रेक्षकापर्यंत पोचतो.

स्थळकाळ बदलायला घाबरू नका. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधलं (१८९८) इंग्लंड १९५३च्या चित्रपटात कॅलिफोर्निया झालं, २००५मध्ये न्यू जर्सी. परग्रहावरचे आक्रमक पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात हे मात्र दोन्हीकडे कायम. पण नुसता शेवट तसाच ठेवून भागत नाही, त्याची पेरणी हवी. वेल्स पहिल्याच वाक्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबातले जीव दाखवतात. २००५चा चित्रपटही पाण्याच्या थेंबातल्या जिवांपासूनच सुरू होतो. ही पेरणी गाळली की जंतू आयत्या वेळी धावून आलेले वाटतात.

शीर्षकही तपासा. रिचर्ड मॅथेसन यांच्या ‘आय ॲम लेजंड’मध्ये (१९५४) नायकाला शेवटी कळतं की रोगाने बदललेल्या माणसांच्या नव्या समाजाच्या लेखी राक्षस आपणच, दंतकथा झालो ते म्हणून. २००७च्या चित्रपटाच्या थिएटरात दाखवलेल्या शेवटात तो औषध मिळवून देत मरतो, आणि शीर्षक उलटं होऊन तारणहाराचं गुणगान होतं. पुस्तकाच्या जवळ जाणारा शेवटही चित्रित झाला होता, तो डीव्हीडीवर आला.

हक्कांचं काम लिहायला बसण्याआधी उरका. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. वेल्स १९४६ साली वारले, त्यांचं लेखन इथे मोकळं आहे. हर्बर्ट १९८६ साली, तिथे परवानगी लागेल. मराठी अनुवादावरून लिहीत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, आणि परदेशी प्रदर्शनाला तिथला कायदा.

पहिला खर्डा कादंबरी न वाचलेल्या माणसाला द्या आणि नियम एका वाक्यात सांगायला लावा. अडखळला तर दोष बहुधा पहिल्या वीस पानांत असतो, तिथेच दुरुस्ती करा.