बाबांची पद्मिनी आणि ओला टॉवेल

मे महिन्यात तुळजापूरला निघालो की आमची १९८२ची प्रीमियर पद्मिनी गाडी घाटात हमखास बंद पडायची. आई शेंगाचटणी-भाकरीचा डबा उघडायची आणि बाबा सोलापुरी टॉवेल भिजवून फ्युएल पंपाला, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला, गुंडाळायचे. दोष गाडीचा नाही, आपल्या उन्हाचा! तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारा कार्बोरेटर कोरडा पडतो.

मी आधी उगाच ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल बदलली. पैसे गेले. मग एक्झॉस्टला (धूर सोडणाऱ्या तापत्या पाइपाला) जवळजवळ टेकलेली पेट्रोलची नळी लांबून फिरवली, वर उष्णतारोधक वेष्टण चढवलं. परवा भर दुपारी गाडी एका दमात घाट चढली. बाबा मात्र ओला टॉवेल मांडीवर घेऊनच बसले होते.